वकिलीकडून संगीताकडे : पंडित विष्णु नारायण भातखंडे

विसाव्या शतकाच्या प्रारंभी मुंबईचे एक मराठी वकील देशभर हिंडत होते. हैदराबाद, बडोदे, ग्वाल्हेर ही मराठी वस्तीची जुनी शहरेही त्यांच्या वाटेवर होती. त्यांच्याजवळ दाव्याची कागदपत्रे नसत. प्रश्नांची एक यादी आणि एक रोजनिशी असे. प्रत्येक गावी ते गवयांची, शास्त्री-पंडितांची आणि जुन्या पोथ्यांची चौकशी करीत. अमुक राग आपण कसा गाता, त्यात कोणता स्वर वर्ज्य, आणि या म्हणण्यास आधार काय, असे ते विचारीत. हे वकील म्हणजे पंडित विष्णु नारायण भातखंडे.

भातखंडे यांचा जन्म 10 ऑगस्ट 1860 रोजी, गोकुळाष्टमीच्या दिवशी, मुंबईस वाळकेश्वर येथे झाला. शालेय शिक्षणाबरोबरच बासरी आणि पुढे सतार यांचा छंद त्यांना लागला. सतारीचे शिक्षण त्यांनी वल्लभदास दामुलजी यांच्याकडे घेतले. 1884 मध्ये ते मुंबईतील पारशी संगीतप्रेमींनी स्थापन केलेल्या ‘गायन उत्तेजक मंडळी’त दाखल झाले. तेथे रावजीबुवा बेलबागकर यांच्याकडून त्यांना शेकडो ध्रुपदे मिळाली, तर अली हुसेन आणि विलायत हुसेन यांच्याकडून ख्याल मिळाले. याच काळात 1885 मध्ये ते बी.ए. झाले आणि 1887 मध्ये त्यांनी एल्‌एल.बी. ही पदवी संपादन केली. काही काळ कराचीस आणि पुढे मुंबईस त्यांनी वकिली केली. दिवसा न्यायालय आणि सायंकाळी गाणे असा हा क्रम बरीच वर्षे चालला.

या सुस्थिर आयुष्यावर लागोपाठ दोन आघात झाले. 1900 मध्ये पत्नीचे आणि 1903 मध्ये एकुलत्या एका कन्येचे निधन झाले. त्यानंतर वकिलीतून त्यांचे मन निघाले ते कायमचेच. व्यवसायाचा पसारा त्यांनी हळूहळू आवरता घेतला. अर्थार्जनाच्या ऐन वयात पत्करलेली ही निवृत्ती होती. मात्र साक्षीपुरावा तपासण्याची वकिली सवय त्यांनी सोडली नाही. पुढची तीस वर्षे ती संगीताच्या कामी आली.

1904 मध्ये ते दक्षिणेत गेले. एट्टयपुरम येथे ‘संगीत संप्रदाय प्रदर्शिनी’चे कर्ते सुब्बराम दीक्षितर यांची त्यांनी भेट घेतली. व्यंकटमखी यांच्या ‘चतुर्दंडिप्रकाशिका’ या ग्रंथाशी त्यांचा निकटचा परिचय याच प्रवासात झाला. बहात्तर मेळांत राग बसविण्याची दक्षिणेकडील रीत पाहून उत्तरेकडील रागांचीही अशी सुटसुटीत मांडणी करता येईल, हा विचार त्यांच्या मनात पक्का झाला. 1907 च्या दौऱ्यात कलकत्त्यास राजा सौरींद्रमोहन टागोर आणि हैदराबादेस अप्पा तुलसी यांच्याशी त्यांच्या चर्चा झाल्या. पुढे अलाहाबाद, काशी, जयपूर अशी ठिकाणे त्यांनी पालथी घातली.

सर्वांत कठीण काम होते ते घराण्यांच्या चिजा मिळविण्याचे. उस्तादांच्या घरी चीज म्हणजे पिढीजात दौलत असे. तिच्यावर घर चाले, म्हणून ती परक्यास सहसा दिली जात नसे. चार बुके शिकलेला एक वकील हातात वही घेऊन येतो आणि आमची दौलत छापू म्हणतो, याचा त्यांना संशय वाटला असेल तर तो अनाठायी म्हणता येत नाही. दुसऱ्या बाजूने, एखादा वृद्ध गवई गेला की त्याच्याबरोबर पन्नास-शंभर चिजा कायमच्या जात, हेही भातखंडे पाहत होते. या पेचातून त्यांनी काढलेला मार्ग शिष्यत्वाचा होता. रामपूरचे नवाब हमीद अली खाँ यांचा गंडा त्यांनी बांधला, आणि जयपूरच्या मनरंग परंपरेतील गायकांकडून शेकडो चिजा मिळविल्या.

जमविलेले त्यांनी स्वतःजवळ ठेवले नाही. 1910 च्या सुमारास ‘श्रीमल्लक्ष्यसंगीतम्’ हा संस्कृत ग्रंथ ‘चतुर पंडित’ या नावाने प्रसिद्ध झाला. त्यावर विस्तृत भाष्य करणारी ‘हिंदुस्थानी संगीत पद्धति’ चार भागांत निघाली. तिचा शेवटचा भाग 1932 चा आहे. हा ग्रंथ मराठीत असून गुरुशिष्यांच्या संवादाच्या रूपाने लिहिला आहे. शिष्य शंका काढतो, गुरू आधार देतो, आणि आधार नसेल तेथे तसे सांगतो. ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या सहा भागांत सुमारे अठराशे चिजा स्वरलिपीसह आल्या. लिपी अगदी साधी होती. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, सप्तक दाखविण्यास वर-खाली बिंदू, समेला फुली आणि कालाला शून्य. छापखान्यातील जुळाऱ्यास जुळविता यावी आणि शाळेतील मुलास वाचता यावी अशीच ती होती.

मार्च 1916 मध्ये सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने बडोद्यास पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. गवई आणि पंडित एका मंडपात बसून रागरूपांची चर्चा करीत आहेत, हे दृश्यच नवे होते. पुढे दिल्ली, काशी आणि लखनौ येथे परिषदा झाल्या.

ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांनी या कामाचे महत्त्व ओळखले. दरबारच्या वतीने येथील काही गायक स्वरलिपी व अध्यापनपद्धती शिकण्यासाठी मुंबईस पाठविण्यात आले, आणि 1918 मध्ये माधव संगीत विद्यालयाची स्थापना झाली. त्या गायकांत राजाभैया पूछवाले होते. शंकरराव पंडितांची तालीम मिळालेला हा पक्का ग्वाल्हेरचा गवई नव्या पद्धतीचा शिक्षक झाला, आणि त्याने ‘तानमालिका’ लिहून गळ्यातील ताना कागदावर आणल्या. शंकररावांचे चिरंजीव कृष्णराव पंडित यांनी 1914 मध्ये स्थापिलेले विद्यालयही याच शहरात चालू होते. अशा रीतीने एकाच परंपरेच्या दोन वाटा ग्वाल्हेरात शेजारी शेजारी नांदल्या. 1926 मध्ये लखनौस मॅरिस कॉलेज सुरू झाले. भातखंडे यांचे शिष्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांनी तेथे प्राचार्यपद दीर्घकाळ सांभाळले. ती संस्था आज भातखंड्यांच्या नावाचे विद्यापीठ आहे.

त्यांच्या कार्यावर आक्षेपही घेतले गेले, आणि ते विचारात घेण्याजोगे आहेत. दहा थाटांत सर्व राग नीट बसत नाहीत. कोमल गंधार आणि शुद्ध निषादाचा पटदीप काफी थाटात घालताना ओढाताण होते. लिपीत स्वर उतरतो, पण त्याचा लगाव उतरत नाही. अक्षरशत्रू उस्तादांविषयी रोजनिशीत आलेले त्यांचे काही शब्द कठोर आहेत, आणि ज्यांच्या विद्येवर ग्रंथ उभे राहिले त्यांच्याशी ते न्याय करीत नाहीत. तरीही शास्त्र आणि प्रचार यांत विरोध आला, तर प्रचलित गायनच प्रमाण मानावे, हे त्यांचे सूत्र त्यांच्या ग्रंथांत प्रथमपासून शेवटपर्यंत दिसते.

1933 मध्ये त्यांना पक्षाघात झाला. तीन वर्षे अंथरुणावर काढून 19 सप्टेंबर 1936 रोजी, गणेशचतुर्थीस, त्यांनी देह ठेवला. ‘क्रमिक पुस्तक मालिके’चे अखेरचे भाग त्यानंतर शिष्यांनी प्रसिद्ध केले. पुढे त्यांचे ग्रंथ हिंदीत आले आणि देशभर वाचले गेले. मूळ मराठी प्रतींची मात्र पाने पिवळी पडली आहेत. ग्वाल्हेर-बडोद्यासारख्या शहरांतील ग्रंथालयांच्या कपाटांत त्या अजून आढळतात, आणि एखाद्या प्रतीच्या समासात पेन्सिलीने कुणी ‘हा पाठ आमच्याकडे निराळा’ अशी नोंद केलेली असते. भातखंडे यांनी ती नोंद आनंदाने वाचली असती, आणि तिला आधार काय, असेही विचारले असते.