धुळीतलं नेमकं काय?

सकाळी उठल्या उठल्या शिंका, अंथरूण झटकताना नाक वाहणं, आणि हे बारमाही. डॉक्टर म्हणतात, धुळीची अ‍ॅलर्जी. पण धुळीतल्या कशाची? संशोधनाचा प्रश्न शोधत असाल तर हा प्रश्न किती वर्षं पडून होता ते बघा.

१९२० च्या दशकात घरातल्या धुळीचा अर्क त्वचेत टोचून चाचणी होत असे. १९२८ मध्ये जर्मनीत डेकर यांनी अंथरुणातल्या माइटकडे (कोळ्याच्या कुळातला, साधारण ०.३ मिमीचा जीव) बोट दाखवलं. फारसं कुणी मनावर घेतलं नाही. माझ्या मते, चाचणी चालत होती ना, मग कारण शोधायची घाई कुणाला?

१९६४ साली लायडनच्या फोरहॉर्स्ट आणि सहकाऱ्यांनी तोच प्रश्न पुन्हा धरला. दमट घरांतली धूळ जास्त त्रास देते, हा धागा त्यांच्या हाताशी होता. माइट पाणी पीत नाही, हवेतला ओलावा शोषतो. म्हणून दमट गादी त्याला मानवते. त्यांनी माइट वाढवून त्यांचा अर्क धुळीच्या अर्काशी ताडून पाहिला. १९६७ पर्यंत दोन्हींचं नातं पक्कं झालं.

गंमत पुढे आहे. १९८१ मध्ये टोव्ही, चॅपमन आणि प्लॅट्स-मिल्स यांनी दाखवलं की मुख्य दोषी माइटची विष्ठा आहे. म्हणजे माइट नुसते मारून भागत नाही, विष्ठा उरतेच. म्हणून चादरी-अभ्रे ६० अंशांच्या पाण्यात धुवायचे, गादी-उशीला घट्ट विणीची खोळ घालायची आणि खोलीतला दमटपणा कमी ठेवायचा.