मस्टरवर नाव नसलेली

पहाटेचे चार. लालबागच्या चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत तुम्ही स्टोव्हला पंप मारताय. तारीख १८ जानेवारी १९८२, सोमवार. मनगटं मोकळी आहेत. ब्लो रूममधली कापसाची धूळ छातीत भरून घेऊन नवरा गेला, त्याला आठ वर्षं झाली. तेव्हापासून तुम्ही खाणावळ चालवताय.

वीस माणसं. काही कोकणातली, काही साताऱ्याकडची. कुणी साचेखात्यात, कुणी रिंगखात्यात. काही अजून बदली, रोज गिरणीच्या दारात उभं राहून काम मिळतंय का बघणारे. बायकापोरं गावाला. दोन वेळचं जेवण वहीत मांडायचं, पैसे पगाराला. तोवर वाण्याची उधारी तुमच्या डोक्यावर. पूर्वी त्यासाठी डोरलं गहाण पडायचं. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, खाणावळवाल्या बायकांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं, म्हणून सावकाराचं दार सुटलं. हप्ता मात्र दर महिन्याला भरायचाच.

रोज माणसं पाळीपाळीने जेवतात, म्हणून तर एवढ्याशा खोलीत वीसजण मावतात. आजपासून गिरण्यांचा संप, म्हणून तिन्ही पाळ्या एकदम दारात. जिन्यापर्यंत पंगत बसलीय. आवाज चढलेत: बोनस, पगारवाढ, बदलीवाल्यांना कायम करा, बीआयआर (मुंबई औद्योगिक संबंध) कायदा रद्द करा.

"मावशी, संपाचे पुढारी डॉक्टर सामंत आहेत. महिनाभरात निकाल लागतोय बघा."

तुम्ही भाकरी वाढता. नाही म्हणायचं तुमच्या मनातसुद्धा येत नाही. मागण्या रास्त आहेत हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक?

फेब्रुवारीत वहीत जमेची बाजू कोरी. मार्चमध्ये बोंबील बंद, नुसतं पातळ कालवण. मग एकेकजण वळकटी बांधून गावाला जातो. "भात झाला की पाठवतो," म्हणतो, आणि ते तो मनापासून म्हणतो. ऑगस्टमध्ये पोलिसांचंच बंड होतं, रस्त्यावर लष्कर येतं, तेव्हा तुमच्याकडे जेवायला सहाजण उरलेत.

अडीच लाख कामगारांचा संप, असं आपण म्हणतो. पुढे लाखाहून अधिकांची नोकरी गेली, आणि संप मागे घेतल्याचं कुणी कधी जाहीर केलंच नाही. पण सुरुवातीचे ते महिने माणसं कुणाच्या जिवावर लढली? माझ्या मते युनियनइतकाच हा संप गिरणगावातल्या खाणावळींनी पोसला, तोही परतफेडीची हमी नसलेल्या उधारीवर. त्या बायकांना संपकरी मात्र कुणी म्हटलं नाही.

आता तीस वर्षं पुढे या. २०१२. म्हाडा गिरणी कामगारांसाठी घरांची सोडत काढतेय. अट अशी, की कामगार १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर गिरणीच्या नोकरीत असावा. तुमचा नवरा त्याच्या आठ वर्षं आधी गेला. तुमच्या पिशवीत त्याचा गिरणीचा पास आहे, आणि ती वही: वीसजणांची नावं, गिरणी, खातं, प्रत्येकाची थकबाकी. अर्जासोबत जोडायच्या कागदपत्रांत असली वही धरत नाहीत.