धरणीमाता आणि तिच्या लेकी

श्रोतेहो, धरणीला आपण माता म्हणतो, नदीलाही माय म्हणतो. पण रानाचा निर्णय घेताना घरच्या मायबहिणींना विचारतं कोण? १९७४ साली फ्रान्समधील लेखिका फ्रान्स्वाज दोबॉन यांनी मांडले की, बाईची कूस आणि भुईची सुपीकता या दोहोंवर पुरुषांच्या सत्तेने ताबा मिळवला व दोहोंची हानी झाली.

त्याच वर्षी मार्चमध्ये, आजच्या उत्तराखंडातील रेणी गावची पुरुषमंडळी भरपाईसाठी चमोलीला गेली होती. मागे गौरादेवी आणि गावच्या बायकांनी झाडे तोडायला आलेल्यांना अडवले.

पुढे १९८८ साली वंदना शिवा यांनी स्त्रीला निसर्गाच्या सर्जनशक्तीशी जोडले. १९९२ साली अर्थशास्त्रज्ञ बीना अगरवाल यांनी या विचाराला हरकत घेतली. हे नातं देवत्वाचं नव्हे, कामाचं आणि मालकीचं, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय. सरपण, चारा, पाणी आणते ती. रान उजाड झालं की पायपीट वाढते तिची. जमीन मात्र बहुधा दुसऱ्याच्या नावावर!

तेव्हा मंडळी, मातेची नुसती पूजा पुरेशी नाही. सातबाऱ्यावर तिचं नाव हवं आणि ग्रामसभेत तिचा शब्द चालायला हवा.