तत्त्वज्ञानाची पदवी आणि मराठी वाक्य

मराठी निबंधाचा इतिहास लिहिताना मुद्रण, नियतकालिके आणि इंग्रजी वाङ्मयाचा संस्कार यांची चर्चा होते. महाविद्यालयातील तत्त्वज्ञानाच्या वर्गाची क्वचितच होते. १८५७ साली स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाच्या महाविद्यालयांत तर्कशास्त्र आणि नीतिशास्त्र इंग्रजीतून शिकवले जाई. न्याय-वेदान्ताचे अध्ययन पाठशाळांतून संस्कृतात चाले. या दोहोंत मराठीला स्थान नव्हते.

ते कसे निर्माण झाले, हे गोपाळ गणेश आगरकरांच्या उदाहरणावरून दिसते. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकून ते १८८० मध्ये इतिहास व तत्त्वज्ञान या विषयांत एम. ए. झाले. मिल आणि स्पेन्सर यांचा त्यांच्यावरील प्रभाव सर्वमान्य आहे; परंतु आपण तो केवळ मतांत शोधतो. वस्तुतः तो त्यांच्या वाक्यरचनेतही आहे. प्रतिपक्षाचे म्हणणे आधी मांडणे, शब्दाचा अर्थ निश्चित करणे, रूढी आणि कारण यांची फारकत करणे, आणि मगच निष्कर्षाला येणे ही शिस्त तर्कशास्त्राच्या वर्गातली आहे. १८८८ साली त्यांनी 'सुधारक' सुरू केले. त्याच वर्षी त्यांचा 'वाक्यमीमांसा' हा व्याकरणग्रंथ प्रसिद्ध झाला. उद्देश्य आणि विधेय या संज्ञा तर्कशास्त्राच्या तशाच व्याकरणाच्याही आहेत, हे लक्षात घेतले म्हणजे या दोन कृतींमधील नाते स्पष्ट होते.

वर्गाची भाषा मात्र दीर्घकाळ इंग्रजीच राहिली. दे. द. वाडेकरांच्या संपादकत्वाखाली 'मराठी तत्त्वज्ञान-महाकोशा'चे तीन खंड सिद्ध व्हायला १९७४ साल उजाडावे लागले. मुंबईच्या कीर्ती महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या मे. पुं. रेगे यांनी 'नवभारत'मधून तोच विषय वर्गाबाहेरच्या मराठी वाचकापर्यंत नेला.

'तत्त्वज्ञान घेऊन पुढे काय करणार?' हा प्रश्न उथळ नाही. दारिद्र्यात शिकलेल्या आगरकरांनाही तो चुकला नव्हता. मोठ्या पगाराची आशा धरू नये, असे त्यांना आईला कळवावे लागले. पण त्याचे उत्तर केवळ पदवीधराच्या मिळकतीत शोधणे अपुरे आहे. विद्यार्थी नाहीत म्हणून एखाद्या महाविद्यालयात हा विषय बंद होतो, तेव्हा शेजारच्या मराठी विभागाने ती आपलीही हानी मानली पाहिजे. विचाराची शिस्त वर्गातून गेली, की ती गद्यातूनही जाऊ लागते.