डॅन नदीकाठचं गिरणगाव

२००६ सालच्या सुरुवातीला वर्तमानपत्रांच्या व्यापारपानावर एक छोटी बातमी येऊन गेली होती. गुजरात हेवी केमिकल्स या आपल्याकडच्या कंपनीनं अमेरिकेतली ‘डॅन रिव्हर’ नावाची कापड कंपनी विकत घेतली. सोडा अ‍ॅश बनवणारी आपली कंपनी आणि चादरी-पलंगपोस विणणारी त्यांची. भारतीय कंपनी अमेरिकेतली गिरणी घेते, याचं तेव्हा कौतुक झालं. मला मात्र त्या नावानं धरून ठेवलं. डॅन रिव्हर म्हणजे डॅन नदी. नदीचं नाव घेतलेली गिरणी म्हणजे तिच्यामागे एखादं गाव असणार, गावामागे माणसं असणार. मग वाचत गेलो, आणि त्या वाचनातून जे गाव उभं राहिलं, त्याची हकिकत आज सांगायची आहे.

गावाचं नाव डॅनव्हिल. अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्याच्या अगदी दक्षिण टोकाला, नॉर्थ कॅरोलायनाच्या सीमेला टेकलेलं. इथे डॅन नदी खडकांवरून उड्या मारत उतरते. १७९३ साली राज्याच्या विधिमंडळानं इथे तंबाखू तपासून साठवण्यासाठी वखार उभारायला परवानगी दिली आणि गाव वसलं. म्हणजे हे गाव देवळाभोवती वाढलं नाही की किल्ल्याभोवती नाही. वखारीभोवती वाढलं. आपल्याकडे निपाणीच्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

तंबाखूची एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. डॅनव्हिलच्या दक्षिणेला, सीमेपलीकडच्या कॅसवेल परगण्यात स्लेड नावाच्या जमीनदाराचं शेत होतं. १८३९ साली तिथे स्टीफन नावाचा एक गुलाम रात्री तंबाखूच्या भट्टीवर राखणीला होता. त्याला डुलकी लागली. जाग आली तेव्हा विस्तव विझत आलेला. घाबरून त्यानं शेजारच्या लोहाराच्या कोळशांनी भट्टी एकदम तापवली. त्या झटक्यानं पानं काळपट न होता लख्ख पिवळी झाली. हाच तो पिवळा तंबाखू. त्याला दर जास्त मिळाला आणि ज्या हलक्या, रेताड जमिनीला कुणी विचारत नव्हतं, तिच्यावर लोक श्रीमंत झाले. स्टीफनचं आडनाव या गोष्टीत कुणी सांगत नाही. सांगणार कुठून? तो दुसऱ्याच्या मालकीचा माणूस होता.

पिवळा तंबाखू पिकला, पण तो बाजारात न्यायचा कसा? नदी खडकाळ. म्हणून रेल्वे आली. रिचमंड ते डॅनव्हिल ही सुमारे १४० मैलांची लाइन १८५६ साली पुरी झाली, तीही बरीचशी गुलामांच्या मजुरीवर. दोन वर्षांनी, १८५८ मध्ये, डॅनव्हिलच्या वखारीत तंबाखूचा लिलाव नव्या पद्धतीनं होऊ लागला. पिंपात दाबून भरलेला माल न विकता पानांचे ढीग जमिनीवर उघडे मांडायचे, गिऱ्हाइकानं हातात घेऊन बघायचे आणि बोली लावायची. ही ‘डॅनव्हिल पद्धत’ पुढे इतर बाजारांनीही उचलली. याच वखारींत लिलाव पुकारणारा आणि नंतर रेल्वेच्या ठेक्यांवर गबर झालेला एक गृहस्थ होता लँगहॉर्न. त्याची मुलगी नॅन्सी डॅनव्हिललाच १८७९ मध्ये जन्मली, इंग्लंडला गेली, तिथे लग्न करून राहिली आणि १९१९ साली ब्रिटिश पार्लमेंटमध्ये बसणारी पहिली स्त्री झाली. लेडी अ‍ॅस्टर ती हीच. असो, ते विषयांतर झालं.

मधे यादवी युद्ध येऊन गेलं होतं. गुलामगिरी टिकवण्यासाठी दक्षिणेची राज्यं फुटून निघाली आणि रिचमंड त्यांची राजधानी झाली. रिचमंडला रसद पुरवणारी मोठी वाट म्हणजे ही डॅनव्हिलची रेल्वे. तंबाखूच्या सहा वखारी रिकाम्या करून त्यांत उत्तरेचे युद्धकैदी कोंडले. देवी, आमांश, उपासमार यांनी कैदी मेले. गावातल्या लष्करी दफनभूमीत अशा तेराशेहून अधिक सैनिकांच्या कबरी आहेत. एप्रिल १८६५ मध्ये रिचमंड पडलं, तेव्हा बंडखोर सरकारचे अध्यक्ष जेफर्सन डेव्हिस याच रेल्वेनं पळून डॅनव्हिलला आले. सदरलिन नावाच्या तंबाखू व्यापाऱ्याच्या हवेलीत त्यांनी मुक्काम टाकला. ३ एप्रिल ते १० एप्रिल, आठवडाभर डॅनव्हिल राजधानी. मग ली शरण गेल्याची बातमी आली आणि अध्यक्ष पुन्हा गाडीत बसून आणखी दक्षिणेला निघाले. ही हवेली लक्षात ठेवा, तिच्याकडे परत यायचं आहे.

गुलामी गेली. डॅनव्हिलमध्ये तेव्हा कृष्णवर्णीयांची वस्ती गोऱ्यांपेक्षा अधिक होती. त्यांना मत मिळालं, आणि १८८०च्या सुमारास बारा जणांच्या नगरपालिकेत चार कृष्णवर्णीय सभासद बसले. बाराजणांत चार! तरी गोऱ्या व्यापाऱ्यांनी ‘काळ्यांचं राज्य’ अशी हाकाटी केली. ३ नोव्हेंबर १८८३ रोजी, निवडणुकीच्या तोंडावर, भर रस्त्यात गोळीबार झाला. चार कृष्णवर्णीय आणि एक गोरा मेला. निवडणुकीच्या दिवशी कृष्णवर्णीय मतदार घरातच बसले. पुढची जवळजवळ ऐंशी वर्षं त्या गावात सगळं काही याच पायावर उभं राहिलं. गिरणीसुद्धा.

गिरणी आली ती १८८२ मध्ये, म्हणजे या दंगलीच्या वर्षभर आधी. स्कूलफील्ड नावाचे तिघे भाऊ आणि त्यांचे काही भागीदार यांनी नदीच्या उतारावर ‘रिव्हरसाइड कॉटन मिल्स’ काढली. पाण्याचा जोर फुकट, रेल्वे दाराशी, कापूस दक्षिणेतलाच. पण खरा फायदा चौथा होता, मजुरी स्वस्त. तोवर अमेरिकेतलं कापड प्रामुख्यानं उत्तरेत, न्यू इंग्लंडमध्ये विणलं जायचं. तिथल्या गिरण्यांना दक्षिणेनं मागे टाकलं ते मुख्यतः कमी पगाराच्या बळावर. कर्जात बुडालेली गोरी शेतकरी कुटुंबं डोंगरातून खाली उतरली आणि घरादारासकट गिरणीत शिरली. घरादारासकट म्हणजे पोराबाळांसकट. लुईस हाइन या छायाचित्रकारानं १९११ साली डॅनव्हिलच्या गिरणीतल्या मुलांची छायाचित्रं काढली. बॉबिनच्या उंचीची ती पोरं सरळ कॅमेऱ्याकडे बघतात. कृष्णवर्णीयांना साच्यांवर, रिंगवर घेतच नसत. त्यांनी गाठी फोडायच्या, झाडलोट करायची, अंगणात ओझी वाहायची. गोऱ्या कामगाराला पगार कमी होता, पण आपल्या खाली आणखी कुणीतरी आहे, हे समाधान त्याला पगाराबरोबर मिळत होतं. मालकाला ते फुकट पडत होतं.

गिरणीनं आपलं स्वतंत्र गावच वसवलं. त्याला मालकांचं नाव, स्कूलफील्ड. घरं कंपनीची, शाळा, चर्च सगळं कंपनीच्या आधारानं. भोंगा वाजला की उठायचं. आपल्या गिरणगावात चाळ मालकाची असली तरी भाषा, भजन, तमाशा आपला होता. तिथे ते अंतरही पुसट होतं.

या गावाची रेल्वे जगभर गाजली ती मात्र एका अपघातानं. २७ सप्टेंबर १९०३, रविवार. सदर्न रेल्वेची ९७ नंबरची डाकगाडी उशिरा धावत होती. टपालाच्या ठेक्यात वेळ चुकली की दंड होता. मन्रो स्टेशनावर ब्रॉडी नावाचा तेहतीस वर्षांचा ड्रायव्हर गाडीवर चढला. सुमारे तासाभराचा उशीर भरून काढायचा होता. डॅनव्हिलच्या अलीकडे लांब उतार, उताराच्या तळाशी वळण आणि वळणावर लाकडी पूल. गाडी आवरली नाही. इंजिन रूळ सोडून घळीत कोसळलं, मागोमाग डबे. ब्रॉडीसह अकरा जण गेले. कंपनीनं ठपका मेलेल्या ड्रायव्हरवर ठेवला. उशीर भरून काढण्याची घाई नक्की कुणाची, हा प्रश्न कागदोपत्री तिथेच मिटला. इंजिन मात्र दुरुस्त होऊन पुढे कित्येक वर्षं धावलं.

या अपघातावर लोकांनी गाणं रचलं. आपल्या पोवाड्याच्या जवळ जाईल असा तो प्रकार, घडलेली गोष्ट कडव्याकडव्यानं सांगणारा. १९२४ मध्ये व्हर्नन डालहार्टनं गायलेली त्याची तबकडी तुफान खपली. तबकडी खपली म्हटल्यावर गाणं माझंच म्हणणारे पुढे आले. त्यांतल्या एकानं ग्रामोफोन कंपनीवर दावा लावला, खालच्या कोर्टात जिंकला आणि वरच्या कोर्टात हरला. कवीला मानधन न मिळण्याची परंपरा सर्वदूर आहे, एवढाच बोध मी त्यातून घेतला. पण एक विचार मनातून जात नाही. अकरा माणसं एका क्षणात गेली, त्यांचं गाणं झालं. कापसाची धूळ छातीत भरून जी माणसं वीस-वीस वर्षं हळूहळू गेली, त्यांचा शेवट असा एका दिवसात, एका पुलावर दाखवता येत नाही. गाण्याला क्षण लागतो.

१९०९ मध्ये गिरण्या एकत्र होऊन ‘रिव्हरसाइड अँड डॅन रिव्हर कॉटन मिल्स’ झाली. १९१९ मध्ये अध्यक्ष फिट्झजेराल्ड यांनी एक अजब प्रयोग केला, ‘औद्योगिक लोकशाही’. गिरणीत चक्क संसद! कामगारांचं प्रतिनिधिगृह, मुकादम-सुपरिंटेंडेंट यांचं वरिष्ठगृह आणि सर्वांवर साहेब लोकांचं मंत्रिमंडळ. ठराव होत, चर्चा होई. फिट्झजेराल्ड ढोंगी होते असं मला वाटत नाही. त्यांचा विश्वास असावा. पण १९३० मध्ये मंदी आली, कंपनीनं दहा टक्के पगारकपात जाहीर केली, प्रतिनिधिगृहानं ‘नाही’ म्हटलं आणि कपात तरीही झाली. संसदेचा अर्थ कामगारांना त्या दिवशी कळला. त्यांनी युनियन केली. कंपनीनं युनियनवाल्यांना काढायला सुरुवात केली. सप्टेंबरअखेर सुमारे चार हजार कामगार संपावर गेले.

संप चार महिने चालला. नोव्हेंबरात गव्हर्नरनं सैन्य पाठवलं. कंपनीच्या घरांतून कुटुंबं बाहेर काढली गेली, ऐन थंडीत. बाहेरून पीठ-बटाटे येत होते, तेही आटले. २९ जानेवारी १९३१ला संप मागे घेतला. पदरात काही पडलं नाही, अनेकांना परत घेतलंही नाही. महिन्याभरात फिट्झजेराल्डही वारले. ज्यांनी १९८२चा मुंबईचा संप पाहिला आहे, त्यांना यापुढे काही सांगायला नको.

आता त्या हवेलीकडे वळू. जेफर्सन डेव्हिस जिथे उतरले होते, ती सदरलिन हवेली पुढे गावाचं सार्वजनिक वाचनालय झाली. सार्वजनिक म्हणजे गोऱ्यांसाठी. १९६०च्या एप्रिलमध्ये कृष्णवर्णीय शाळकरी मुलं तिथे जाऊन बसली. त्यांना पुस्तकं हवी होती. नगरपालिकेनं वाचनालयच बंद केलं. कोर्टानं दार सर्वांना उघडा म्हणून सांगितल्यावर, काही महिन्यांनी ते उघडलं, पण टेबलं आणि खुर्च्या काढून टाकून. पुस्तक घ्या आणि चालू लागा. काळा माणूस गोऱ्याशेजारी बसू नये म्हणून गोऱ्यालाही उभं केलं. मी या गावाबद्दल जेवढं वाचलं, त्यात हे मला सर्वांत जास्त लागलं. लाठीपेक्षाही.

लाठी आलीच. १९६३च्या उन्हाळ्यात कृष्णवर्णीयांनी मोर्चे सुरू केले. १० जूनच्या रात्री तुरुंगाबाहेर प्रार्थना करणाऱ्या जमावावर आगीच्या बंबाचे पाण्याचे फवारे सोडले आणि पोलिसांनी दंडुके चालवले. पोलिसांबरोबर नगरपालिकेच्या कचरागाडीवरचे गोरे कामगारही हाताशी धरले होते. पन्नासच्या आसपास माणसं जखमी झाली, त्यांत बायका पुष्कळ. पुढाऱ्यांवर जो कायदा लावला तो गुलामांच्या बंडाच्या भीतीनं शंभर वर्षांपूर्वी केलेला. मार्टिन ल्यूथर किंग त्या वर्षी गावात येऊन गेले. आंदोलकांचा रोख गिरणीवरही होता, कारण गावात नोकरी म्हणजे गिरणी. पुढच्या काही वर्षांत कायदा बदलला आणि साच्यांवर, रिंगवर कृष्णवर्णीय स्त्री-पुरुष उभे राहिले. पिढ्यान् पिढ्या बंद असलेला दरवाजा उघडला.

आणि तेवढ्यात आतला दिवा विझायला लागला. बाहेरचं स्वस्त कापड येऊ लागलं होतं. ज्या कारणानं गिरण्या उत्तरेतून दक्षिणेत आल्या, त्याच कारणानं त्या आता आशियाकडे निघाल्या. कधीकाळी दहा हजारांहून अधिक माणसांना काम देणारी डॅन रिव्हर २००४ मध्ये दिवाळखोरीत गेली. त्यातून उठली, २००६ मध्ये आपल्या कंपनीनं घेतली, आणि २००८च्या एप्रिलमध्ये पुन्हा दिवाळखोरी. या वेळी कायमची. व्यापारपानावरच्या कौतुकाला सव्वादोन वर्षं झाली होती. मला वाटतं, डॅनव्हिलच्या कुठल्यातरी घरात त्या दिवशी ‘इंडियन्स’ हा शब्द रागानं उच्चारला गेला असेल. त्या घरातल्या माणसाला हे सांगायला कुणी नव्हतं, की ज्या गावांकडे काम गेलं असं त्याला वाटतं, त्या गावांतही गिरण्या बंद पडल्या आहेत. आपल्याकडे पॉवरलूमवर बारा-बारा तास उभं राहणाऱ्या माणसालाही डॅनव्हिलचं नाव माहीत नाही.

डॅनव्हिलची लोकसंख्या १९९० साली ५३ हजार होती, २०२०च्या गणनेत ती साडेबेचाळीस हजारांवर आली. त्याच वर्षी गावानं मतदान करून कॅसिनोला होकार दिला. स्कूलफील्डच्या गिरणीच्या जागेवर २०२३ मध्ये तात्पुरता आणि २०२४च्या डिसेंबरात पक्का जुगारमहाल उघडला. गिरणीची तीन धुराडी शोभेसाठी तशीच ठेवली आहेत. लोअर परळच्या मॉलच्या आवारात उभी असलेली चिमणी ज्यांनी पाहिली आहे, त्यांच्या डोळ्यांपुढे चित्र येईल. नदीकाठच्या ‘व्हाइट मिल’ या इमारतीत राहायची घरं काढली आहेत. काम आलं आहे, पैसा फिरतो आहे. गावातले लोक त्यावर खूश आहेत, तर बाहेरच्या माणसानं नाक का मुरडावं?

गिरणीच्या संशोधन इमारतीवर कंपनीच्या नावाची मोठी पाटी होती, ‘होम ऑफ’ अशा शब्दांनी सुरू होणारी. बाकीची अक्षरं गेली, ‘होम’ एवढंच राहिलं. ते गावकऱ्यांनी जपून ठेवलं आहे. रेल्वेही आहे. न्यूयॉर्कहून न्यू ऑर्लिअन्सला जाणारी ‘क्रेसेंट’ १८९९ सालच्या त्या जुन्या स्टेशनावर अजून थांबते. जाताना रात्री उशिरा, येताना पहाटे, पूर्वी पहिल्या पाळीची माणसं उठायची त्या सुमाराला.