चातीपासून स्पिंडलपर्यंत



पणदऱ्यासारख्या उसाच्या मुलखांत राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षकानें यंत्रांविषयीं बोलावें, याचें आपणांस नवल वाटेल. निमित्त असें झालें, कीं माझा एक जुना विद्यार्थी, व्यवसायानें सुतार, आईचे दागिने गहाण ठेवून दारांवर नक्षी कोरणारें संगणकचलित यंत्र घेण्यास निघाला. त्यानें विचारलें, "गुरुजी, त्यावर राऊटर बसवूं, कीं स्पिंडल?" उत्तरासाठीं मला इतिहासाकडे वळावें लागलें.

स्पिंडल म्हणजे आपल्या चरख्यावरील चातीचेंच वंशज. चाती वेगानें फिरली पाहिजे आणि वांकडी असतां कामा नये. हे दोन गुण आजही तेच आहेत. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १९१० सालीं औंध संस्थानांत किर्लोस्करवाडी वसविली व लोखंडी नांगर घडविले. १९४१ सालीं त्यांच्या घराण्यानें हरिहर येथें लेथचा कारखाना काढला. आमच्या शेजारच्या इंदापूर तालुक्यांत वालचंदनगरास साखर कारखान्यांचीं अवजड यंत्रें तयार झालीं. लेथमध्यें माल फिरतो व हत्यार स्थिर राहतें. मिलिंगमध्यें हत्यारच फिरतें. अशाच एका मिलिंग यंत्रास १९५२ सालीं अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीनें छिद्रांच्या फितीवरील आंकड्यांनीं चालविलें. यंत्रास मेंदू मिळाला; मनगट मात्र जुनेंच राहिलें.

त्या मनगटाचेच हे दोन प्रकार. राऊटर हें मुळांत हातांत धरावयाचें हत्यार. त्याच्या मोटारींत कार्बनचे ब्रश असतात. ते झिजतात व बदलावे लागतात. आवाज कर्कश, वेग कमी केला कीं जोर उतरतो. परंतु किंमत थोडी, आणि घरगुती विजेवर तें चालतें. स्पिंडलची मोटार बहुधा निकोला टेस्लानें १८८८ सालीं पेटंट घेतलेल्या जातीची असते. तींत ब्रश नाहींत. इन्व्हर्टर विजेचीं आवर्तनें बदलून तिचा वेग ठरवितो: दोन ध्रुवांच्या मोटारीस सेकंदास ४०० आवर्तनें दिलीं, तर मिनिटास सुमारें २४,००० फेरे. ती शांतपणें दिवसभर राबते. मात्र इन्व्हर्टरचा खर्च, आणि पाण्यानें थंड होणारी असल्यास पंपाची उठाठेव, मागें लागते.

मीं त्याला उलट विचारलें, "हातांत काम किती आहे?" तो ओशाळून म्हणाला, "आठवड्यास दोन-तीन पाट्या, क्वचित् एखादें दार." मग माझें उत्तर सोपें झालें. रोज आठ तास सागवान कोरावयाचें असेल तर स्पिंडल. एरवीं राऊटर, ब्रशांचा एक जादा जोड, आणि पुढें स्पिंडल बसेल असा भक्कम सांगाडा. कोणतेंही घेतलें तरी दांडा लटपटतो कीं काय, हें आधीं पाहावें.

त्यानें राऊटर घेतला. उरलेल्या पैशांत आईच्या पाटल्या सुटून आल्या. यंत्र निवडतांना त्याच्या सामर्थ्याइतकेंच आपलें कामही मोजावें, एवढेंच माझें सांगणें.