इपॉक्सी रेझिन जळतं का? आग रोखायला त्यात काय मिसळतात, जाणून घ्या

कर्नाळा (ता. पनवेल) : कर्नाळ्याच्या पूर्वेला रसायनी-पाताळगंगा आणि पनवेलच्या उत्तरेला तळोजा, अशा दोन एमआयडीसी या भागात आहेत. तिथे कामाला जाणाऱ्यांनी कारखान्यातली बिनजोडाची चकचकीत फरशी पाहिली असेलच. ती फरशी, मोबाईलमधली हिरवी पाटी म्हणजे सर्किट बोर्ड आणि हार्डवेअरच्या दुकानातली अरल्डाइटची जोडट्यूब, सगळीकडे माल एकच, इपॉक्सी रेझिन.

एक भाग रेझिन, दुसरा हार्डनर. दोन्ही मिसळले की माल कडक होतो आणि पुन्हा वितळत नाही. म्हणून ते जळतही नाही, असा समज आहे. तो चुकीचा. नुसतं इपॉक्सी एकदा पेटलं की ज्योत बाजूला घेतली तरी जळत राहतं आणि दाट काळा धूर सोडतं.

त्यावर उपाय म्हणून कारखान्यातच मिसळी घालतात. सर्वांत स्वस्त म्हणजे ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडची पांढरी पूड. 200 अंश सेल्सिअसच्या आसपास ती फुटते आणि वजनाच्या सुमारे एक तृतीयांश पाणी वाफ होऊन निघतं. ही वाफ आगीची उष्णता खाते. अडचण एवढीच की पूड भरपूर लागते, त्यामुळे रेझिन घट्ट होतं, ओतता येत नाही. फॉस्फरसची मिसळ कमी लागते. जळताना ती वर कोळशाचा थर धरते आणि आतला माल वाचतो. ब्रोमीन थेट ज्योतीलाच मारतं. बोर्डाच्या 'एफआर-4' या नावातलं 'एफआर' म्हणजे फ्लेम रिटार्डंट, आग रोखणारं. ठिसूळपणा कमी करायला रबर घालतात, तो भाग वेगळा.

मालावर 'व्ही-0' लिहिलेलं असेल तर उभी पट्टी पेटवून ज्योत काढल्यावर ती 10 सेकंदांत विझते. घर पेटलं तर ती टिकेल, असा त्याचा अर्थ नाही.

खरा धोका भंगारात आहे. तांब्यासाठी जुने बोर्ड उघड्यावर जाळले तर ब्रोमीनमुळे विषारी धूर होतो, त्यात डायऑक्सिनसारखी द्रव्यंही असतात. बोर्ड नोंदणीकृत ई-कचरा केंद्रातच द्यावेत.

घरी फरशी किंवा टेबल ओतणाऱ्यांनी बादलीभर माल एकदम कालवू नये. तो आपोआप तापतो, धूरही येतो. थोडा थोडा कालवून पसरट भांड्यात घ्यावा. हातमोजे हवेतच, हार्डनरने अंगावर पुरळ उठतं.